शून्य मार्कांची पेशंट

शनिवार सकाळ आहे, दुसरा चहा झालाय, आणि आज जरा भांडायचा मूड आहे. भांडण आपल्याच लोकांशी आहे, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या कीबोर्ड बडवणाऱ्यांशी.

विषय आहे आपल्या क्षेत्रात सध्या आलेली एक हौस. हृदयाची लय बिघडणार का आणि त्यातून पेशंटला लकवा मारणार का, याचं भाकीत करणारी ॲप्स आणि मॉडेल्स. गेल्या वर्षभरात अशी तीन-चार डेमो बघितली. सगळ्यांचा साचा एकच. पहिल्या स्लाइडवर डोक्यावर पदर घेतलेली आजीबाई (फोटो बहुतेक राजस्थानातला!), दुसऱ्या स्लाइडवर 'ग्रामीण भारत', तिसरीवर डॉक्टरांचा तुटवडा, आणि चौथीवर तारणहार मोबाइल. वय टाका, बीपी टाका, बोटं ठेवून तीस सेकंद ईसीजी घ्या, की लागला लाल, पिवळा नाहीतर हिरवा दिवा. टाळ्या. चहा-बिस्किटं. घरी.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढे वाचायला नको. वाशीमसारख्या जिल्ह्यात ज्या गोष्टीची सगळ्यात कमी टंचाई आहे, ती म्हणजे स्कोर. आणि बाहेरून उचललेला स्कोर तसाच चिकटवला, तर तो जिला सगळ्यात जास्त धोका आहे नेमकी तिलाच हिरवा दिवा दाखवतो.

वाशीमच का? कारण या स्लाइड्सवरचा 'ग्रामीण भारत' म्हणजे नक्की कुठे, हे विचारलं की लोक गडबडतात. आपण एक खराखुरा जिल्हा घेऊ. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला. सहा तालुके: वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा. २०११ च्या जनगणनेत सुमारे १२ लाख लोक, त्यातले ८२ टक्के खेड्यात. पीक सोयाबीन आणि तूर. २०१८ मध्ये नीती आयोगाने 'आकांक्षित जिल्हे' निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार होते: गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि वाशीम. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. म्हणजे अगदी जगाच्या टोकाला नाही. पण तुमचं ॲप चालवायचं तर ते इथे चाललं पाहिजे.

आता रोग काय आहे ते दोन मिनिटांत. ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडा.

हृदयाचे वरचे दोन कप्पे एका ठेक्यात आकुंचन पावतात आणि रक्त खाली ढकलतात. एट्रियल फिब्रिलेशन (पुढे नुसतं एएफ म्हणतो) मध्ये हा ठेका जातो. वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. नाडी लागते, पण ठेका सापडत नाही. तबलजी एकेक मात्रा मनाला येईल तिथे वाजवतोय असं वाटतं. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त रेंगाळतं. डाव्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखा एक छोटा खिसा असतो, त्यात गुठळी धरते. ती सुटली आणि मेंदूकडे गेली की झाला स्ट्रोक. आपल्याकडे म्हणतात 'अंगावरून वारं गेलं'. यावरचा उपाय जुना आहे. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. पण त्या घेतल्या की रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून सगळ्यांना सरसकट देत नाहीत. कोणाला द्यायच्या हे ठरवायला स्कोर निघाला.

स्कोरची जन्मकथा बघण्यासारखी आहे. २००१ मध्ये अमेरिकेत 'चॅड्स' नावाचा स्कोर आला. तो ज्यांच्यावर तपासून पाहिला ते होते अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेतले १,७३३ पेशंट, वय ६५ ते ९५, आणि सगळे संधिवाती झडपेचा आजार *नसलेले*. २०१० मध्ये त्याचा सुधारलेला अवतार आला, 'चॅड्स-व्हॅस्क'. तो युरोपातल्या १,०८४ पेशंटच्या माहितीवर तपासला. झडपेचा आजार असलेले इथेही बाहेरच. मार्क साधे आहेत: हृदय कमजोर असेल तर १, बीपी १, मधुमेह १, रक्तवाहिन्यांचा आजार १, वय ६५ ते ७४ असेल तर १, ७५ आणि पुढे २, आधी स्ट्रोक झाला असेल तर २, आणि स्त्री असेल तर १. बेरीज करा. शाळेतल्या पोरालाही जमेल, त्याला सर्व्हर लागत नाही.

आता दोन पेशंट घेऊ. दोघेही काल्पनिक, पण दोघेही तुमच्या ओळखीचे वाटतील.

पहिले कोथरूडचे काका. वय ७६, बीपी आहे, शुगर आहे, घड्याळात एएफ दिसला. मार्क: २ + १ + १ = ४. लाल दिवा. गोळी सुरू करा. बरोबर उत्तर.

दुसरी मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरची बाई. वय ३४. बीपी नाही, शुगर नाही. लहानपणी घसा सुजून ताप आला होता, मग गुडघे-घोटे सुजले होते. त्याला कोणी फार महत्त्व दिलं नाही. तो संधिवाताचा ताप होता आणि तो हृदयाची झडप आखडून गेला. आता पाणी आणताना दम लागतो, छातीत धडधडतं. तिलाही एएफ आहे. मार्क? स्त्री म्हणून १, बस. आणि गंमत पुढेच आहे. २०२४ च्या युरोपियन मार्गदर्शक तत्त्वांनी स्त्री असण्याचा तो एक मार्कही काढून टाकला (त्यांच्या पेशंटसाठी त्याला कारणं आहेत, त्यावर माझी तक्रार नाही). म्हणजे ॲप अपडेट केलं की बाईला शून्य. हिरवा दिवा! 'आपला धोका कमी आहे, सहा महिन्यांनी पुन्हा तपासा.'

आणि प्रत्यक्षात? अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या प्रसिद्ध अभ्यासाने १९७८ मध्येच सांगितलं होतं. नुसता एएफ असेल तर स्ट्रोकचा धोका पाच पटीहून जास्त. एएफ आणि जोडीला संधिवाती हृदयरोग असेल तर सतरा पट. म्हणजे ४ मार्कांच्या काकांना गोळी आणि शून्य मार्कांच्या बाईला घरी पाठवणी.

इथे स्कोर बनवणाऱ्यांना शिव्या घालू नका. त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलंय. आखडलेली मिट्रल झडप मध्यम किंवा तीव्र असेल, किंवा कृत्रिम धातूची झडप बसवलेली असेल, तर हा स्कोर वापरायचाच नाही. मार्क न मोजता रक्त पातळ करणारी गोळी द्यायची. आपल्या भाषेत सांगायचं तर फंक्शनची प्रीकंडिशन आहे. ती तपासल्याशिवाय फंक्शन कॉल करायचं नाही, हे पहिल्या नोकरीत पहिल्या महिन्यात शिकवतात. मी बघितलेल्या डेमोंत झडपेबद्दल एकही प्रश्न नव्हता. विचारलं तर उत्तर आलं, 'एज केस आहे, पुढच्या व्हर्जनमध्ये घेऊ.'

एज केस! जरा आकडे बघू. ४६ देशांतल्या दवाखान्यांच्या इमर्जन्सी विभागात आलेल्या १५,४०० एएफ पेशंटची नोंद एका मोठ्या आंतरराष्ट्रीय रजिस्ट्रीने केली. २०१४ मध्ये ती छापून आली. संधिवाती हृदयरोग असलेले पेशंट उत्तर अमेरिकेत २.२ टक्के. भारतात ३१.५ टक्के. भारतातले पेशंट पश्चिमेच्या तुलनेत साधारण दहा वर्षांनी तरुणही होते. हे दवाखान्यात पोचलेल्यांचे आकडे आहेत, गावोगाव मोजलेले नाहीत, हे मान्य. पण दर तीन पेशंटमागे जवळजवळ एक, याला एज केस म्हणणाऱ्याच्या हातात मी पगाराचं सॉफ्टवेअरही देणार नाही.

'मग भारताच्या डेटावर मॉडेल ट्रेन करू की!' ऐकू आलं मला. जरूर करा, पण तो डेटा येणार कुठून ते आधी बघा.

वाशीमपुरता हिशोब माझ्या हातात नाही, पण विदर्भाच्या दुसऱ्या टोकाचा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांतल्या सुमारे ९४ हजार लोकांमधला प्रत्येक मृत्यू नोंदवून कारण शोधलं. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, स्ट्रोकने. मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण. आपण समजतो की खेड्यात लोक तापाने, जुलाबाने, साप चावून मरतात आणि स्ट्रोक हा शहरी ताणाचा आजार. तसं नाहीये. (या २२९ पैकी किती एएफमुळे, ते त्या आकड्यांतून सांगता येत नाही. मीही सांगणार नाही.)

पण त्या अभ्यासातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला आकडा वेगळाच आहे. स्ट्रोकने गेलेल्यांपैकी ८७.३ टक्के लोक *घरी* गेले.

हा आकडा डेटावाल्यांनी भिंतीवर चिकटवावा. तुमचं मॉडेल कशावर शिकतं? हॉस्पिटलच्या रेकॉर्डवर. कोणाला स्ट्रोक झाला ही नोंद कुठून येते? हॉस्पिटलच्या रेकॉर्डमधून. आता आपली बाई. एकदा तालुक्याला ईसीजी काढला, नंतर आलीच नाही. डेटाबेसमध्ये तिच्यापुढे स्ट्रोकची नोंद नाही. मॉडेल काय शिकलं? अशा बायकांना स्ट्रोक होत नाही. आणि ती तर दिवाळीच्या आधी घरच्या बाजेवर गेलेली असते. जो दवाखान्यापासून जितका लांब, तितका तो आपल्या डेटात निरोगी! ही चूक ट्रेनिंग डेटा दुप्पट केल्याने जात नाही, उलट आणखी आत्मविश्वासाने होते. ती घालवायला गडचिरोलीत केलं तेच करावं लागतं: कोणीतरी दारोदार जाऊन विचारायचं. हे काम क्लाउडवर होत नाही.

बरं, डेटाचं सोडू. मॉडेल उत्तम आहे असं धरू. तशी आहेतही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१९ मध्ये दाखवलं की ईसीजी काढताना लय अगदी नॉर्मल असली तरी त्यातल्या खाणाखुणा वाचून संगणक सांगू शकतो की या माणसाला एएफ असावा. १,८०,९२२ पेशंटच्या ईसीजींवर केलेलं काम आहे. इंजिनियर म्हणून मला ते वाचताना भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या खेड्यांत मोबाइलच्या ईसीजीने एएफ शोधूनही बघितलाय. शोधता येतो, वादच नाही.

पण सापडल्यावर काय?

डेन्मार्कमध्ये २०२१ मध्ये एका चाचणीचा निकाल आला. ७० ते ९० वयाचे, स्ट्रोकचा धोका असलेले ६,००४ लोक. त्यातल्या एका गटाच्या छातीत कातडीखाली यंत्र बसवलं, जे चोवीस तास लय नोंदवतं. याहून चांगला सेन्सर नाही. त्या गटात एएफ सापडला ३१.८ टक्के लोकांत, दुसऱ्या गटात १२.२ टक्के. जवळजवळ तिप्पट! आणि स्ट्रोक वगैरे किती? ४.५ टक्के विरुद्ध ५.६ टक्के. फरक थोडा आहे, पण तो नशिबाचा खेळ नाही असं छातीठोक म्हणता येणार नाही इतका थोडा. हे डेन्मार्कमध्ये, जिथे सापडलेल्या बहुतेकांना गोळी मिळाली. जास्त शोधणं म्हणजे जास्त वाचवणं नव्हे, हे तिथेही आहे.

आता हेच वाशीमला आणा. सोपं गणित करू, आकडे धरून चालायचे आहेत. १,००० लोक, त्यातल्या १० जणांना एएफ. आपलं ॲप झकास: एएफ असलेल्या शंभरातले ९० पकडतं, नसलेल्या शंभरातल्या ५ जणांनाच उगाच घाबरवतं. तर १० पैकी ९ सापडले. उरलेल्या ९९० पैकी ५० जणांना उगाच लाल दिवा. म्हणजे ५९ लाल दिवे, त्यातले ५० खोटे. पुण्यात खोटा लाल दिवा म्हणजे एक शनिवार वाया. वाशीमला तो म्हणजे सोयाबीनची सोंगणी चालू असताना एक रोजी बुडवून एसटीने तालुक्याला जाणं. तिथून जिल्ह्याला, आणि इकोसाठी ऐंशी-एक किलोमीटरवर अकोल्याला. शिवाय सोबत एक माणूस, म्हणजे दोन रोज्या. आणि शेवटी 'काही नाही, जा घरी'. गावात अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की चौथा माणूस सरळ म्हणतो, "काहून जाऊ बाप्पा अकोल्याले? शेजारच्याले बी लाल आलं होतं, काई निघालं नाई." तो चौथा खरा पेशंट असू शकतो. खोटा लाल दिवा फुकट नसतो. तो गावाचा विश्वास खर्च करतो, आणि तो परत भरायला वर्षं जातात.

आता सगळ्यात अवघड टप्पा. समजा आपली बाई सापडली, अकोल्याला जाऊन आली, निदान झालं. गोळी सुरू. कुठली? शहरातल्या काकांना मिळतात त्या नव्या गोळ्या छान आहेत, वारंवार रक्त तपासावं लागत नाही. संधिवाती झडपेच्या पेशंटला त्या चालतील का, हे बघायला २४ देशांत मोठी चाचणी झाली. नेतृत्वात दिल्लीच्या एम्सचे डॉ. गणेशन कार्तिकेयन होते. साडेचार हजार पेशंट, सरासरी वय ५० च्या आसपास, ७२ टक्के स्त्रिया. म्हणजे शेवटी कोणीतरी आपल्या बाईसारख्यांवर अभ्यास केला! २०२२ मध्ये निकाल आला: नव्या गोळीपेक्षा जुन्या वॉरफरिनच्या जातीच्या गोळ्यांवर कमी लोक दगावले. म्हणजे आपल्या बाईला जुनीच गोळी.

जुनी गोळी स्वस्त आहे, पण लहरी. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. मधला पट्टा अरुंद. म्हणून नियमित आयएनआर नावाची रक्ततपासणी करायची आणि बहुतेकांचा आकडा २ ते ३ मध्ये ठेवायचा. हिवाळ्यात घरात रोज पालक-मेथी सुरू झाली की आकडा खाली. (भाजी बंद करायची नसते, प्रमाण एकसारखं ठेवायचं असतं, हे तिला कोणी सांगितलं का?) गुडघेदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणल्या की रक्तस्रावाचा धोका वर. दिवस राहिले तर औषधाचा सगळा विचार नव्याने, कारण वॉरफरिन गर्भाला घातक ठरू शकतं. मघाच्या त्याच रजिस्ट्रीत हेही मोजलंय. आकडा योग्य पट्ट्यात राहण्याचा काळ पश्चिम युरोपात ६२ टक्के. भारत, चीन, आग्नेय आशिया, आफ्रिका इथे ३२ ते ४० टक्के. म्हणजे गोळी घेणारा आपला पेशंट निम्म्याहून जास्त काळ पट्ट्याच्या बाहेर असतो.

आता सांगा, या सगळ्या साखळीत कमकुवत कडी कुठली? भाकीत? भाकीत हा तिचा सगळ्यात चकचकीत भाग आहे आणि आपण सगळे तोच पॉलिश करत बसलोय, कारण तो बसल्या जागी करता येतो. झडप ऐकणारा कान, इको, गावाजवळची आयएनआर तपासणी आणि महिनोन्महिने पाठपुरावा, हे चार दुवे तुटलेले असताना पहिल्या दुव्याची अचूकता ९० वरून ९४ टक्के केली म्हणून टाळ्या!

दोन आक्षेप नेहमी येतात, त्यांना उत्तर देतो.

पहिला: 'काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं.' साफ चूक. काहीच नसतं तेव्हा दम लागणारी बाई निदान काळजीत असते, आणि काळजीत असलेला माणूस कधीतरी डॉक्टर गाठतो. तिच्या हातात हिरवा दिवा दिला की घरचेही म्हणतात, 'मशीनने सांगितलंय ना काही नाही म्हणून.' चुकीचा हिरवा दिवा तिची काळजीही काढून घेतो.

दुसरा, आणि हा जास्त प्रामाणिक आहे: 'आपण सॉफ्टवेअरवाले. आपण दवाखाना कुठून बांधणार?' नका बांधू. पण जे करू शकतो ते तरी योग्य जागी करू. मला सुचलेल्या चार गोष्टी:

एक. आधी झडपेचा प्रश्न, मग स्कोर. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का? 'झडपेचा आजार' असं कधी कोणी सांगितलं? बाळंतपणात दम लागला होता का? झडप ऐकायला डॉक्टर किंवा इको? यातल्या कशालाही 'हो' आलं किंवा 'माहीत नाही' आलं, तर ॲपने मार्क दाखवायचेच नाहीत. 'आधी इको' एवढंच म्हणायचं. कोडच्या फार तर दहा ओळी आहेत. डेमोत दिसायला काही विशेष नाहीत, म्हणूनच कोणी लिहीत नाही.

दोन. आहे त्या फॉर्ममध्ये नाडी घाला. आशाताई ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा सरकारी फॉर्म भरतातच. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरात कोणाला बीपी-शुगर, अशी बेरीज करून ४ च्या वर गेलं की आधी तपासणीला पाठवायचं. म्हणजे वाशीमच्या गावागावात स्कोर आधीच पोचलाय! त्यात नाडी एकसारखी आहे का, हा रकाना नाही. एक मिनिट, तीन बोटं, खर्च शून्य. नाडीवरून निदान होत नाही, अधूनमधून येणारा एएफ निसटतो, हे मान्य. पण चाळणी म्हणून ती चालते आणि तिला बॅटरी लागत नाही.

तीन. गरोदर बाया. आखडलेली झडप पुष्कळदा बाळंतपणातच पहिल्यांदा उघड होते, कारण तेव्हा हृदयावरचा भार वाढतो. आणि आकांक्षित जिल्ह्यांच्या निर्देशांकांत गरोदर मातांच्या तपासण्या मोजल्याच जातात. म्हणजे तरुण बाई सरकारी यंत्रणेच्या हमखास समोर येते ती तेव्हा. त्याच भेटीत नाडी, दम आणि स्टेथोस्कोप. नवीन योजना नको, नवीन पोर्टल तर नकोच नको.

चार. सॉफ्टवेअर लिहायचंच असेल तर पाठपुराव्याचं लिहा. कोणाची आयएनआर तारीख चुकली, कोणाची संधिवाताच्या तापासाठी दर तीन आठवड्यांनी द्यायची पेनिसिलिनची सुई राहिली, कोण ऊसतोडीला नाहीतर मजुरीला बाहेरगावी गेलं आणि तिथल्या दवाखान्यात त्याची वही कशी पोचेल. हे कंटाळवाणं काम आहे. यात न्यूरल नेटवर्क नाही, फंडिंग नाही, परदेशातल्या कॉन्फरन्सला पेपर नाही. फक्त माणसं जगतात.

आणि हे सगळं करताना मोजायचं काय, ते आधी ठरवा. 'एक लाख लोकांची तपासणी पूर्ण' हा आकडा बातमीसाठी बरा. मला तीनच आकडे हवेत. सापडलेल्यांपैकी किती जणांचा इको झाला? वर्षानंतर किती जण गोळीवर आहेत? त्यातल्या किती जणांचा आयएनआर पट्ट्यात आहे? ज्या प्रोजेक्टच्या डॅशबोर्डवर हे तीन आकडे नाहीत, तो माझ्या लेखी आरोग्याचा प्रोजेक्ट नाही, जाहिरातीचा आहे.

तुमच्यापैकी बरेच जण दिवाळीला गावी जातील, आई-बाबांसाठी ईसीजीवालं घड्याळ घेऊन. न्या, माझी ना नाही. पण त्यांच्या मनगटावर आधी स्वतःची तीन बोटं ठेवून मिनिटभर नाडी बघा, आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही विचारा की जिना चढताना दम लागतो का, लहानपणी सांधे सुजले होते का. ठेका सापडला नाही किंवा उत्तर 'हो' आलं, तर डॉक्टरांकडे न्या, ईसीजी आणि इको करून घ्या. स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन सुरू करून देऊ नका. एएफच्या गुठळीवर ती रक्त पातळ करणाऱ्या गोळीची जागा घेत नाही.

पुढच्या वेळी कोणी तुम्हाला 'ग्रामीण भारतासाठी' हृदयाचं मॉडेल दाखवलं, तर अचूकता विचारू नका. ती नेहमीच ९० च्या वर असते. एवढंच विचारा: ३४ वर्षांची बाई, झडप आखडलेली, बीपी नाही, शुगर नाही. टाका तिचा डेटा आणि दाखवा, दिवा कुठल्या रंगाचा लागतो.

हिरवा लागला, तर लॅपटॉप बंद करायला सांगा.